जुन्या रेडिओंची ओळख आणि संग्रह

महाराष्ट्रात जिला सर्वपित्री अमावास्या म्हणतात, तीच बंगालमध्ये महालया. या दिवशी पहाटे चार वाजता कोलकात्यातील असंख्य घरांत रेडिओ लावला जातो आणि ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम ऐकला जातो. बाणीकुमारांची संहिता, पंकजकुमार मल्लिकांचे संगीत आणि वीरेंद्रकृष्ण भद्र यांचे चंडीपठण यांतून हा कार्यक्रम १९३० च्या दशकाच्या आरंभी आकाराला आला. १९७६ मध्ये त्याच्या जागी लोकप्रिय नट उत्तमकुमार यांचा सहभाग असलेला नवा कार्यक्रम ऐकवण्यात आला, तेव्हा श्रोत्यांचा रोष एवढा अनावर झाला की जुना कार्यक्रम परत आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आजही या तिथीच्या आधीच्या दिवसांत कुमारटुलीसारख्या जुन्या वस्त्यांतील उरल्यासुरल्या रेडिओ-कारागिरांकडे कामाची गर्दी होते. वर्षभर कपाटावर धूळ खात पडलेले संच खाली उतरतात, आणि त्यांतील कित्येक दुरुस्तीच्या पलीकडे गेल्याचे त्याच वेळी उघडकीस येते.

जुन्या रेडिओंच्या संग्राहकाचा प्रश्न नेमका येथेच सुरू होतो. जे संच दुरुस्त होतात त्यांचे मूळ भाग बदलले जातात. जे होत नाहीत ते भंगारात जाऊन त्यांतील तांबे आणि पितळ वेगळे काढले जाते. दोन्ही वाटांनी मूळ वस्तू नाहीशी होते. जे नाहीसे होत आहे ते काय आहे, हे आधी ओळखता आले तरच त्यातले काय राखावे हे ठरवता येईल. म्हणून संग्रहाच्या विद्येत खरेदीपेक्षा ओळखीला आधीचे स्थान आहे.

शहर आणि त्याची नभोवाणी

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात कोलकात्याचे स्थान फार जुने आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी येथेच विद्युत् चुंबकीय लहरी भिंतींतून पार पाठवून दूरच्या खोलीतील घंटा वाजवून दाखवली होती. गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचा उपयोग करून लहरी टिपण्याच्या त्यांच्या साधनाला १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. पुढे जगभर घरगुती ‘स्फटिक-संचां’त हाच खनिज वापरात आला. बोस यांची काही उपकरणे त्यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या बोस संस्थेत जतन केलेली आहेत. ज्याला रेडिओच्या संग्रहाचा अभ्यास करावयाचा आहे त्याने आरंभ तेथून करावा.

नियमित ध्वनिक्षेपणापूर्वी हौशी मंडळींचे प्रयत्न झाले. १९२३ मध्ये बंगाल रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास सुरुवात केली. कोलकाता विद्यापीठात प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांनीही बिनतारी विद्येची प्रयोगशाळा उभारली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला कोलकाता केंद्राने काम सुरू केले. ही दोन्ही प्रक्षेपणयंत्रे दीड किलोवॉट शक्तीची होती. तीन वर्षांतच, १९३० मध्ये, कंपनीचे दिवाळे निघाले आणि सरकारने ही सेवा हाती घेतली. ८ जून १९३६ पासून तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. कोलकाता केंद्र १९५८ पर्यंत गार्स्टिन प्लेस येथील एक क्रमांकाच्या जुन्या इमारतीत होते. त्यानंतर ते ईडन उद्यानालगतच्या आकाशवाणी भवनात गेले.

हा इतिहास संग्राहकाला निव्वळ पार्श्वभूमी म्हणून उपयोगी नाही. १९२७ पूर्वी शहरात जे संच होते ते हौशी माणसांचे, त्यांनी स्वतः जोडलेले किंवा परदेशातून मागवलेले होते. १९३० च्या दशकात बहुतेक संच इंग्लंड, हॉलंड, जर्मनी आणि अमेरिका येथून जहाजाने येत. फिलिप्स कंपनीने १९३० मध्ये दिव्यांच्या विक्रीसाठी कोलकात्यात पेढी काढली, १९३८ मध्ये दिव्यांचा कारखाना सुरू केला आणि १९४८ मध्ये तेथेच रेडिओ बनवण्यास प्रारंभ केला. पुण्याजवळचा तिचा रेडिओ-कारखाना १९५९ चा. ठाण्याच्या कारखान्यात तयार होणारा मर्फी, मुंबईचा नॅशनल एको आणि बुश हे संच महाराष्ट्राइतकेच बंगालमध्येही घरोघर पोहोचले. त्यामुळे मागील पट्टीवरील निर्मितीस्थळाचे नाव ही कालनिर्णयाची पहिली, पण ढोबळ खूण ठरते.

तीन पिढ्या

ढोबळ मानाने जुन्या रेडिओच्या तीन पिढ्या मानता येतात. पहिली पिढी स्फटिक-संचांची आणि आरंभीच्या व्हॉल्व्ह-संचांची. स्फटिक-संचाला विजेची गरज नसे. लांब तारेचा आकाशक, जमिनीत पुरलेली तार, तारेचे वेटोळे, गॅलेनाचा खडा आणि त्यावर टेकवण्याची बारीक तार एवढेच त्याचे साहित्य. आवाज कानाला लावण्याच्या श्रवणीतच येई. त्या काळच्या व्हॉल्व्ह-संचांत केंद्र लावण्यासाठी दोन किंवा तीन स्वतंत्र चकत्या फिरवाव्या लागत आणि कर्णा पेटीबाहेर ठेवलेला असे.

दुसरी पिढी १९३० नंतरची. एकाच खुंटीने केंद्र लावता येऊ लागले, ध्वनिक्षेपक पेटीच्या आत गेला आणि सुपरहेटरोडाइन ही रचना रूढ झाली. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने १९१८ मध्ये शोधलेल्या या रचनेत येणाऱ्या प्रत्येक लहरीचे एका ठरावीक मधल्या कंप्रतेत रूपांतर करून मगच तिचे वर्धन होते. म्हणून जवळजवळची केंद्रे स्पष्टपणे वेगळी करता येतात. पेट्या लाकडी किंवा बेकेलाइटच्या असत. १९५० च्या दशकात लहरी बदलण्यासाठी पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणे आली. केंद्र नीट लागले की मिटत जाणारा हिरवा ‘जादूचा डोळा’ १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागतो.

तिसरी पिढी ट्रान्झिस्टरची. पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ मध्ये अमेरिकेत निघाला. भारतात त्याचा प्रसार १९६० च्या दशकात झाला. हे संच अजून पुष्कळ सापडतात, म्हणून त्यांची उपेक्षा होते. परंतु १९७१ मध्ये बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात, २५ मेपासून कोलकात्यातील बालिगंज भागातून चाललेल्या ‘स्वाधीन बांगला बेतार केंद्रा’चे कार्यक्रम निर्वासितांच्या छावण्यांत आणि सीमेपलीकडील खेड्यांत ऐकले गेले, ते प्रामुख्याने याच लहान संचांवर. इतिहासाचे मोल वस्तूच्या वयावरच अवलंबून नसते, हे संग्राहकाने विसरू नये.

तबकडीची साक्ष

पेटी फसवू शकते. तबकडी सहसा कमी फसवते. अनेक संचांच्या काचेवर आकड्यांबरोबर केंद्रांची नावे छापलेली असतात. दिल्ली केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले, ढाका १६ डिसेंबर १९३९ रोजी. कटक, पाटणा आणि नागपूर ही केंद्रे १९४८ मधील आहेत, पुणे १९५३ मधील. ज्या काचेवर ढाक्याचे नाव आहे ती १९३९ च्या आधीची असणे संभवत नाही. जिच्यावर कटक आहे ती स्वातंत्र्योत्तर काळातीलच मानली पाहिजे.

हा पुरावा एकाच दिशेने चालतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. नाव आहे म्हणून संच त्या वर्षानंतरचा, एवढेच सिद्ध होते. नाव नाही म्हणून तो त्याआधीचा, असे म्हणता येत नाही. कारण परदेशी कारखाने एकाच छापाची काच अनेक देशांत पाठवीत, आणि तिच्यावर भारतातील एखाददुसरेच केंद्र असे. शिवाय फाळणीनंतर ढाका, लाहोर आणि पेशावर ही केंद्रे पाकिस्तानात गेली तरी ती ऐकू येतच होती.

आकड्यांचीही साक्ष घ्यावी. जुन्या तबकड्यांवर तरंगलांबी मीटरमध्ये किंवा कंप्रता किलोसायकलमध्ये दिलेली असते; ‘किलोहर्ट्‌झ’ हा शब्द १९६० नंतर हळूहळू रूढ झाला. एकातून दुसरे काढणे सोपे आहे : तीन लाखांना किलोहर्ट्‌झच्या आकड्याने भागले की मीटर मिळतात. कोलकाता केंद्राची श्रोत्यांना अनेक वर्षे परिचित असलेली ६५७ किलोहर्ट्‌झ ही कंप्रता म्हणजे सुमारे ४५६ मीटर. एखाद्या काचेवर त्या जागी पेन्सिलीची किंवा रंगाची बारीक खूण सापडली, तर ती पुसू नये. त्या घरातील माणसे रोज कोठे थांबत, याची ती नोंद असते.

व्हॉल्व्हची भाषा

मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढल्यावर संचाची खरी जन्मपत्रिका समोर येते. युरोपीय व्हॉल्व्हवर छापलेली अक्षरे निरर्थक नसतात. पहिले अक्षर तंतूच्या वीजपुरवठ्याचे असते : ‘डी’ म्हणजे कोरड्या बॅटरीवर चालणारा १.४ व्होल्टचा तंतू, ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा, आणि ‘यू’ म्हणजे शंभर मिलिअँपिअर प्रवाहाच्या एकसर जोडणीतला. पुढील अक्षरे कार्य सांगतात : ‘सीएच’ हा लहरींचे मिश्रण करणारा, ‘एफ’ वर्धन करणारा, ‘एल’ ध्वनिक्षेपकाला शक्ती पुरवणारा, ‘वाय’ आणि ‘झेड’ प्रवाह एका दिशेचा करणारे. हे एवढे कळले तरी ईसीएच ८१ असलेला संच ट्रान्सफॉर्मरवर चालणारा, डीके ९१ असलेला वीज नसलेल्या खेड्यासाठी केलेला आणि यूसीएच ४२ असलेला कोणत्याही प्रकारच्या शहरी विजेवर चालणारा, हे बहुधा चुकत नाही.

व्हॉल्व्हच्या बैठकीवरूनही काळ कळतो. आठ जाड पायांची ‘ऑक्टल’ बैठक १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरची. कडेला धातूचे वेढे असलेली ‘रिमलॉक’ १९४० च्या दशकाच्या अखेरीची. काचेतूनच नऊ बारीक पाय निघालेली ‘नोव्हाल’ त्यानंतरची. व्हॉल्व्हवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची खूण असेल तर तो १९६१ नंतर बनलेला आहे. मात्र व्हॉल्व्ह बदलता येतो. सांगाड्याच्या पत्र्यावर रिव्हेट केलेली बैठक सहसा बदलली जात नाही. म्हणून व्हॉल्व्ह आणि बैठक यांची साक्ष जुळते की नाही, हे आधी पाहावे.

दोन प्रकारची वीज

कोलकात्यातील संचांत ‘ए. सी./डी. सी.’ अशी पट्टी वारंवार आढळते, त्याला कारण शहराच्या विजेचा इतिहास आहे. १७ एप्रिल १८९९ रोजी इमामबाग गल्लीतील केंद्रातून शहराला वीजपुरवठा सुरू झाला, तो एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डी. सी. होता. पुढे ए. सी. आला, तरी जुन्या वस्त्यांत डी. सी. चालूच राहिला, मध्यवर्ती भागातील काही इमारतींत तर तो विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून होता. डी. सी. वर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. घर बदलले की विजेचा प्रकार बदलण्याची शक्यता असे. म्हणून भाड्याने राहणारा, बदलीच्या नोकरीतला गृहस्थ दोन्हींवर चालणारा संच घेणे पसंत करी. असा संच डी. सी. वर मुका राहिला तर तो बिघडला असे नसे. पिन उलटी करून लावली की तो बोलू लागे.

पण हेच संच आज सर्वांत धोक्याचे आहेत. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसल्याने लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असू शकतो. खुंट्यांतील स्क्रूंची भोके कारखान्यात मेणाने बुजवलेली असत, ती याचसाठी. हे मेण खरवडून काढू नये, खुंटी नसलेल्या दांड्याला हात लावू नये. काही संचांच्या दोरीतच तापणारी रोधक तार गुंडाळलेली असते. तशी दोरी आखूड केली तर व्हॉल्व्हचे तंतू जळून जातात.

कोठे शोधावे, काय टाळावे

जुने संच मिळण्याची ठिकाणे शहराच्या जीवनक्रमाशी जोडलेली आहेत. १९४० मध्ये स्थापन झालेल्या रसेल एक्स्चेंजसारख्या रसेल स्ट्रीटवरील लिलावगृहांत मोडकळीस आलेल्या घरांतील सामान विक्रीला आले. चांदनी आणि मदन स्ट्रीट हा भाग रेडिओच्या सुट्या भागांसाठी नावाजलेला. परंतु सर्वांत चांगला संच बाजारात नसतो. तो ज्या घरात प्रथम आला त्याच घरात असतो, आणि त्याच्याबरोबर त्याची हकीकतही असते. परवाना-पुस्तिका मिळाली तर ती रेडिओइतकीच मोलाची मानावी. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून वार्षिक परवाना घ्यावा लागे. १९२७ मध्ये त्याची फी दहा रुपये होती आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत टिकली. मालकाचे नाव आणि वर्षावर्षाचे शिक्के असलेली ती जीर्ण पुस्तिका संचाचा अखंड इतिहास सांगते.

बाजारात फसवणूक बहुधा ‘जोडसंचा’ची असते : एकाची पेटी, दुसऱ्याचा सांगाडा. खुंट्यांचे दांडे भोकांच्या मध्यभागी येतात का, सांगाड्याचे स्क्रू जुन्या भोकांतच बसतात का, तबकडीचा काटा काचेच्या दोन्ही टोकांपर्यंत जातो का, हे तपासले तर जोडकाम लपत नाही. चकचकीत नवे पॉलिश हा गुण नसून इशारा आहे. बेकेलाइट अंगठ्याने जोराने घासून गरम केल्यास कार्बोलिकसारखा वास येतो. साध्या प्लॅस्टिकला तो येत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलाकृतीविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, विज्ञानाचा इतिहास दर्शवणारी वस्तूही पुरातन वस्तूंत मोडू शकते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९२३ च्या सुमाराचे संच आता ही सीमा ओलांडत आहेत.

एक उदाहरण

समजा, शोभाबाजारच्या एका घरातून तपकिरी बेकेलाइटचा एक संच मिळाला आहे. कंपनीचे चिन्ह गळून पडले आहे आणि घरातील माणसे तो ‘लढाईच्या आधीचा’ असल्याचे सांगतात. झाकण काढल्यावर यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ४१ हे पाच व्हॉल्व्ह दिसतात. बैठका रिमलॉक आणि मूळच्या आहेत. तबकडीवर मीटरचे आकडे असून नावांत ढाका आहे आणि कटकही आहे. व्हॉल्व्हच्या पहिल्या अक्षरावरून संच दोन्ही प्रकारच्या विजेचा ठरतो. रिमलॉक बैठकीवरून दुसऱ्या महायुद्धानंतरचा ठरतो. कटकच्या नावावरून १९४८ च्या आधीचा नव्हे, हे निश्चित होते. नोव्हाल व्हॉल्व्ह एकही नसल्यामुळे तो १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातील असावा. घरातील आठवण खोटी ठरली असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. लढाईच्या आधी त्या घरात दुसरा संच असेल आणि दोहोंच्या आठवणी एकत्र झाल्या असतील. वस्तूची साक्ष आणि माणसाची साक्ष, दोन्ही वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात.

दुरुस्ती की जतन

बंगालची दमट हवा रेडिओची मोठी शत्रू आहे. प्लायवूडचे थर सुटतात, वाळवी लागते, ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूवर बुरशी चढते, तारांवरील रबर भुगा होऊन गळते. मेणात बुडवलेल्या कागदाचे कंडेन्सर ओल शोषून विद्युत् प्रवाह गळू देतात. विशेषतः अखेरच्या व्हॉल्व्हच्या जाळीला जोडलेला कंडेन्सर गळका असेल तर तो व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जाळतो. म्हणून अनेक वर्षे बंद असलेला संच ‘चालतो का पाहू’ म्हणून विजेला लावणे ही नवशिक्याची सर्वांत महागडी चूक होय. आत अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ राहतो. जाणकार कारागिराच्या देखरेखीखेरीज हे काम करू नये.

यापुढचा प्रश्न तांत्रिक नाही. संच मूळ स्थितीत मुका ठेवावा, की भाग बदलून बोलता करावा? संग्रहालयाचा कल पहिल्या मार्गाकडे असतो, घराचा दुसऱ्याकडे. मध्यम मार्ग असा की, एखाद्या प्रकारचा अस्पर्श राहिलेला एकमेव संच मिळाला तर त्याला हात लावू नये. इतर संच दुरुस्त करावेत, पण काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीतच ठेवावा आणि काय बदलले, केव्हा बदलले, हे आत चिकटवलेल्या कागदावर लिहावे. पेटी पुसावी, रंगवू नये.

या प्रश्नाला आता घाईचे परिमाण आले आहे. गेल्या काही वर्षांत देशातील मध्यम लहरींची आणि लघुलहरींची अनेक प्रक्षेपणयंत्रे बंद करण्यात आली. व्हॉल्व्हचे बहुतेक संच याच दोन लहरींसाठी बनले होते, एफ. एम. त्यांना ऐकू येत नाही. आकाशातच काही उरले नाही तर उत्तम दुरुस्त केलेला संचही केवळ खरखर ऐकवील. ती वेळ येण्यापूर्वी संच चालू असताना त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणे, हेही संग्रहाचे अंग मानले पाहिजे. कारण लाकडी पेटीतून येणारा तो भरदार, किंचित घोगरा आवाज कोणत्याही छायाचित्रात सापडत नाही.

नोंदवही

संग्राहकाचे खरे साधन म्हणजे नोंदवही. प्रत्येक संचापुढे निर्मात्याचे नाव, मॉडेल व क्रमांक, व्हॉल्व्हची यादी, तबकडीवरील सर्व नावे, विजेचा प्रकार आणि केलेले बदल लिहावेत. त्याखाली तो कोणत्या वस्तीतून आला, घरात कोठे ठेवलेला असे, कोण लावीत असे आणि त्यावर काय ऐकले गेले, हे विचारून लिहावे. ७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथांच्या अंत्ययात्रेचे वर्णन, १९४२ पासून लघुलहरींवर येणारा सुभाषचंद्रांचा आवाज, महालयेची पहाट, हे ऐकणाऱ्यांची संख्या दरवर्षी कमी होत आहे. पेटी, तबकडी आणि व्हॉल्व्ह यांवरून संचाचे वय ठरवता येते. त्याभोवती कोण बसले होते हे मात्र माणसांनाच विचारावे लागते, आणि ते आधी विचारून ठेवावे. संच पुढच्या वर्षीही तेथेच असेल. सांगणारा असेलच असे नाही.